ढकलो नक्को

दिव्यांग माणसाला दवाखान्यात न्यायला आपल्याकडे कुणाची हरकत नसते. दर्ग्यात न्यायला नसते, लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसवायला नसते, कॅम्पमध्ये तीनचाकी वाटताना फोटोसाठी पुढे करायला तर अजिबात नसते. हरकत सुरू होते ती त्या माणसाने 'मला फिरायला जायचंय' म्हटल्यावर. मग घरातल्या सगळ्यांना एकदम त्याच्या तब्येतीची काळजी वाटू लागते. गर्दी असते, ऊन असतं, तुला झेपणार नाही, तिथे तुझ्याजोगं काय आहे, तू घरीच बैस, आम्ही मोबाईलवर दाखवतो. या मायेच्या भाषेत जो नकार दडलेला असतो त्याच्याशी माझं भांडण आहे. आणि हे भांडण मला आधी आपल्याच मोहल्ल्यात करायचं आहे, सरकारचा नंबर नंतर.

माझी खाला वडीगोद्रीत राहते. वय ६२. डावा पाय लहानपणी पोलिओत गेला. उजव्या गुडघ्याने दोन पायांचं काम आयुष्यभर केलं, आता त्यानेही हात टेकलेत. काठी घेऊन ती शंभरेक पावलं चालते, मग कुठेतरी बसावंच लागतं. शिलाई मशीनवर तिने तीन मुलं शिकवली. अर्ध्या गावाच्या बायकांची मापं तिला तोंडपाठ आहेत. २०२३ मध्ये पै-पै साठवून ती धाकट्या मुलाबरोबर उमराहला जाऊन आली. आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, नातवंडं थीम पार्कला निघाली तेव्हा तीही म्हणाली, मीपण येते.

उमराहला निघाली तेव्हा गल्ली भेटायला आली होती. थीम पार्कचं ऐकून जी गल्ली आली ती समजवायला आली. एका बुजुर्गांनी विचारलं, "हरम शरीफ पाहून आलेल्या बाईने आता झोपाळे पाहायचे का?"

या प्रश्नातच उत्तर आहे, म्हणून तो सोडून देत नाही. हरममध्ये खालाने तवाफ कसा केला? पायी नाही. मस्जिदुल हरामच्या वरच्या भागात म्हाताऱ्या आणि चालू न शकणाऱ्या माणसांसाठी भाड्याने बॅटरीच्या गाड्या मिळतात. बसायला सीट, धरायला हँडल, हळू चालणाऱ्या माणसाइतका वेग. तवाफही त्यावर होतो, सफा-मरवाची सईही. खालाने आधी मुलाला शेजारी बसवलं आणि दुसऱ्या फेऱ्यापासून हँडल स्वतःच्या हातात घेतलं. परत आल्यावर ती हरमचं वर्णन करता करता मध्येच त्या गाडीवर यायची. "बटन दाबा की चलती, छोडा की रुकती." साठ वर्षांत पहिल्यांदा ती कुणाच्या पावलांशी पाऊल न जुळवता, कुणाच्या खांद्याला न धरता, स्वतःला हवं तिथे गेली होती. आणि जगभरातून आलेल्या त्या गर्दीतल्या एकानेही तिला सांगितलं नाही की बाई, ही इबादत आहे, इथे यंत्रावर बसून काय फिरतेस.

सांगणार तरी कसं? हज्जतुल विदाच्या वेळी पैगंबरांनी (स.) स्वतः उंटावर बसून तवाफ केल्याचं हदीसमध्ये आहे. उम्मुल मोमिनीन उम्मे सलमा आजारी होत्या, त्यांना त्यांनी लोकांच्या मागून सवारीवर बसूनच तवाफ करायला सांगितलं. म्हणजे देह साथ देत नसेल तर सवारी घ्या, ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वी मिटलेली आहे. राहिला मौजमजेचा प्रश्न. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते आणि हजरत आयेशांचं पाहून मन भरेपर्यंत पैगंबर त्यांच्यासाठी उभे राहिले, ही हदीस आपल्या मौलवी साहेबांना माहीत नाही असं नाही. दिव्यांग बाईचा विषय निघाला की ती आठवत नाही, इतकंच.

आपल्याला सबर फार आवडतो, विशेषतः दुसऱ्याचा. रमजानमध्ये जकातीच्या किट वाटताना दिव्यांगांची यादी पहिली निघते. त्यांच्यासाठी आपले डोळे भरून येतात. पण ती माणसं आपल्या डोक्यात फक्त घेणारी असतात. त्यांना हौस असेल, कंटाळा येत असेल, नातवाचा हात धरून कारंजं पाहावंसं वाटत असेल, हे आपल्या हिशेबात बसत नाही. प्रत्येक मशिदीत मेलेल्या माणसाला न्यायला जनाज्याची खाट ठेवलेली असते. चालू न शकणाऱ्या जिवंत माणसाला न्यायला किती मशिदींत काही ठेवलंय, हे वाचकांनी आपापल्या जुम्याला जाऊन पाहावं. पाहताना पायऱ्याही मोजाव्यात.

खाला गेली, हे सांगायचं राहिलं. कुठल्या पार्कला ते लिहीत नाही, कारण त्या जागी दुसरं पार्क असतं तरी बहुधा हेच झालं असतं. खालाकडे बाजूला दोन चाकं बसवलेली स्कूटी आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात अशा चार-पाच स्कूट्या दिसतील. वडीगोद्री फाट्यापासून अंबडच्या बाजारापर्यंत ती त्याच स्कूटीवर जाते. पण ती स्कूटी रस्त्याची, पेट्रोलची, नंबरप्लेटची. पार्कच्या गेटवर ती वाहनतळात लागते आणि माणूस तिथेच संपतो. आत चार-पाच किलोमीटरची पायपीट. सरकारी योजनेत कानपूरच्या एलिम्कोची जी बॅटरीची तीनचाकी मिळते, तीही रस्त्यासाठीच केलेली. रांगेच्या नागमोडी कठड्यांतून, हॉटेलच्या टेबलांमधून ती वळत नाही. हरममध्ये जी होती ती या दोन्हींपेक्षा वेगळी वस्तू. इंग्रजीत तिला मोबिलिटी स्कूटर म्हणतात, मराठीत तिला अजून नाव नाही. ज्या गोष्टीला नाव नाही ती मागायची तरी कशी, हाही एक घोळच.

खिडकीवरच्या पोराला आम्ही "बॅटरीची गाडी आहे का" असं विचारलं. त्याने लहान मुलांच्या मोटारींचा भाग दाखवला. मग व्हीलचेअर निघाली. हाताने ढकलायची, पुढचं एक चाक रुसलेलं. त्यासाठी अनामत रक्कम, वर ओळखपत्र, वर सुरक्षारक्षकाचा प्रश्न, "सर्टिफिकेट आहे का? कितने परसेंट?" ६२ वर्षांच्या बाईला तिच्या नातवंडांसमोर, चाळीस माणसांच्या रांगेत, तिचं शरीर किती टक्के बिघडलंय हे विचारलं गेलं. तिकीट मात्र शंभर टक्के घेतलं.

आत गेल्यावर खरी गोष्ट कळली. व्हीलचेअर ढकलणारा भाचा पंचविशीतला, चांगला पोरगा. पण त्याला पाळण्यांकडे जायचं होतं आणि खालाला कारंज्याकडे. तो मोबाईल पाहत थांबला की ती थांबली, तो निघाला की ती निघाली. फुलांच्या ताटव्यापाशी तिला दोन मिनिटं हवी होती, तोपर्यंत खुर्ची पुढे गेलेली. तिची पाठ सगळ्यांकडे आणि सगळे तिच्या पाठीमागे. तिच्याशी बोलायचं असेल तर लोक भाच्याशी बोलत. "इनको पानी चाहिए क्या?" हे आईस्क्रीमवाल्याने भाच्याला विचारलं. दुपारी ती खुर्चीतून उठली, काठी काढली आणि म्हणाली, "मेरेकू ढकलो नक्को. मैं यहाँ बैठती, तुम फिरके आव." संध्याकाळपर्यंत ती एका बाकावर बसून होती. घरी येऊन सगळ्यांनी सांगितलं, आम्ही म्हटलंच होतं ना, तिला झेपणार नाही.

तिला काय झेपलं नाही? चालणं झेपत नाही, ते तर पोलिओपासून माहीत होतं. तिला न झेपलेली गोष्ट म्हणजे दिवसभर सामान होऊन राहणं. त्या आवारात हरमसारख्या दहा गाड्या असत्या तर हाच दिवस वेगळा गेला असता. ढकललं जाणं आणि जाणं, या दोन क्रियापदांतला फरक ज्याला कळत नाही त्याने एक दिवस स्वतः खुर्चीत बसून हँडल मेहुण्याच्या हातात द्यावं.

आणखी एक प्रकार तिथे घडला, त्यावर थोडं थांबायला हवं. खाला खुर्चीतून उठून उभी राहिली तेव्हा मागून कुणीतरी हसून म्हणालं, "चलता तो है!" हा संशय फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत अशा स्कूटर गेटवर भाड्याने मिळतात. मुलाकडे गेलेले आपले कितीतरी मराठी आई-बाप त्यावर बसून फिरून आलेत, फोटोही टाकतात. तिथेही या माणसांना आळशी, लठ्ठ, ढोंगी म्हणणारे आहेतच, आणि त्यांच्या टवाळीचे व्हिडिओ आपल्या व्हॉट्सॲपवर फिरतात. पण तिथल्या कायद्याने या टवाळीला गेटवर जागा ठेवलेली नाही. १९९० च्या त्यांच्या दिव्यांग कायद्याखाली २०११ पासून लागू असलेले नियम सांगतात की लोक जिथे पायी जाऊ शकतात तिथे व्हीलचेअर आणि अशा स्कूटर जाऊ द्यायच्या, आणि तुला नेमकं काय झालंय, किती झालंय हे विचारायचं नाही. शंभर पावलं चालणारा आणि एकही पाऊल न चालणारा, दोघांनाही पाच किलोमीटरचं आवार सारखंच बंद असतं, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे ४० टक्क्यांचा दाखला हा हक्काचा उंबरठा. नोकरीतल्या आरक्षणासाठी तो असावा, त्याबद्दल वाद नाही. पण गुडघे गेलेल्या हजारो बाया, दम लागणारे म्हातारे, डायलिसिसवर असलेली माणसं, त्यांच्याकडे कुठला दाखला? त्यांनी काय फक्त खिडकीतून सुट्टी पाहायची?

आपला कायदा कमी आहे असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात २१ झाले. त्याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांचा हक्क लिहिलाय. करमणूक हा शब्द कायद्यात आहे, आपल्या गल्लीतल्या बुजुर्गांच्या माहितीसाठी. खासगी आस्थापनाही या कायद्यात येतात. सेवा देणाऱ्यांना नियम आल्यापासून दोन वर्षं दिली होती, लोकांसाठी खुल्या असलेल्या जुन्या इमारतींना पाच. नियम आले १५ जून २०१७ ला. म्हणजे २०१९ आणि २०२२ मध्येच दोन्ही मुदती संपल्या. पालन न करणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. शनिवार-रविवारी हजारो तिकिटं विकणाऱ्या पार्कला दहा हजार रुपये म्हणजे पॉपकॉर्नचा एक तास.

८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच दुखण्यावर बोट ठेवलं. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की सुगम्यतेचे जे नियम सरकारने केलेत ते नुसते शिफारशींसारखे आहेत, कायद्याला तर सक्ती अपेक्षित आहे. तो नियम रद्द ठरवून तीन महिन्यांत सक्तीचे किमान निकष ठरवायला सांगितलं. त्याआधी २०१५ च्या ३ डिसेंबरला 'सुगम्य भारत' अभियानाचा मोठा गाजावाजा झाला होता. महाराष्ट्राने तर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. फलक भरपूर झाले. उताराचं मात्र विचारू नका. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार हवा, हे साधं गणित. आपल्याकडे तीन फुटांच्या ओट्याला पाच फुटांची घसरगुंडी बांधतात, तिच्या तोंडाशी कुंडी ठेवतात आणि बिल काढतात.

आता नेहमीचा आक्षेप. गावात धड रस्ता नाही, एसटीची पायरी चढता येत नाही आणि तुम्ही थीम पार्कच्या गाड्यांचं काय घेऊन बसलात? हा आक्षेप घेणारा माणूस हमखास दोन पायांवर उभा असतो. आधी दवाखाना, मग रस्ता, मग शाळा, मग नोकरी आणि सगळं उरकल्यावर कधीतरी करमणूक, हा क्रम चालणाऱ्या माणसाने स्वतःला कधी लावून घेतलाय का? वडीगोद्रीच्या फाट्यावर खड्डे आहेत म्हणून गावातल्या एकाही घराने उन्हाळ्याची सहल रद्द केलेली मला माहीत नाही. क्रम फक्त दिव्यांगासाठी असतो. आणि खरं सांगायचं तर या दोन मागण्या वेगळ्या नाहीतच. जो उतार पार्कला लागतो तोच पोस्टाला लागतो. माणूस एकदा आनंदासाठी बाहेर पडला की दुसऱ्या दिवशी कामासाठी बाहेर पडायची भीती कमी होते, हे मी खालाच्या बाबतीत उमराहनंतर पाहिलं. स्कूटीवर अंबडला एकटी जायला ती त्यानंतर लागली.

आमच्या गावाला हक्क हा शब्द नवा नाही. शेजारच्या अंतरवाली सराटीत २०२३ पासून मराठा आरक्षणाची उपोषणं झाली. २०२४ च्या जूनमध्ये वडीगोद्रीतच ओबीसी आरक्षणासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांचं उपोषण झालं. मंत्री आले, गाड्यांचे ताफे आले, सगळ्या राज्याला आमच्या फाट्याचं नाव पाठ झालं. मुस्लिम आरक्षणाच्या सभांना मीही जातो. या सगळ्या मांडवांत दिव्यांग माणसं होती. मराठा होती, ओबीसी होती, मुसलमान होती. त्यांच्या मागणीचा कागद मात्र एकाही मांडवात वाचला गेलेला मी ऐकला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. त्यांची जात एक नाही, धर्म एक नाही, म्हणून त्यांचा मांडव नाही.

कुणी म्हणेल, माणसं आहेत ना मदतीला. अजिंठ्याला डोलीवाले असतात, माथेरानला हातरिक्षा होत्या. माथेरानचंच घ्या. मोटारींना तिथे बंदी, म्हणून माणूस माणसाला ओढायचा. ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितली, ई-रिक्षा आणायला सांगितलं. ओढणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा विचार त्यात झाला आणि तो व्हायलाच हवा होता. ओढून नेल्या जाणाऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेची बाजू अजून कुणी मांडायची आहे. दुसऱ्याच्या घामावर बसून डोंगर पाहताना आपल्या लोकांना जी शरम वाटते ती मी पाहिली आहे. अशी माणसं डोंगर पाहतच नाहीत, ओढणाऱ्याची मान पाहतात.

यंत्र आपल्याकडे नाही, असंही कुणी म्हणू नये. आयआयटी मद्रासच्या मंडळींनी २०२० मध्ये व्हीलचेअरला पुढून जोडता येणारं बॅटरीचं चाक बाजारात आणलं, खुर्चीची गाडी होते. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर, विमानतळांवर बॅटरीच्या गाड्या धावतात. पार्कवाल्यांकडे तर आवारात माल वाहायला, मालकाच्या पाहुण्यांना फिरवायला अशा गाड्या असतातच. एका साध्या स्कूटरची किंमत नव्या मोटारसायकलीच्या आसपास. कोट्यवधींचा एक पाळणा बसवणाऱ्याला अशा दहा गाड्या जड नाहीत. भाडं घ्या. खालाने हरममध्ये भाडंच भरलं होतं, फुकट नको होतं आणि आताही नकोय.

म्हणून मागणी सरळ आहे. तिकीट लावून चालणाऱ्या प्रत्येक पार्कला परवाना देताना आणि त्याचं नूतनीकरण करताना गेटवर चालवण्याजोग्या अवस्थेतल्या स्वयंचलित गाड्यांची अट घाला. ज्यांची स्वतःची आहे त्यांची आत सोडा. सर्टिफिकेट विचारणं बंद करा. सुरुवात सरकारने आपल्याच आवारापासून करावी. वडीगोद्रीहून तासाभराच्या अंतरावर पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान आहे, जायकवाडीच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावनच्या धर्तीवर केलेलं. धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली होती, त्याच्या डाव्या कालव्याचं पाणी आमच्या तालुक्यातून वाहतं. उद्यानाच्या नूतनीकरणाच्या घोषणा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो. त्या आराखड्यात संगीत कारंजं असतंच. कारंज्यापर्यंत न थांबता जाणारी सपाट वाट आणि भाड्याच्या दहा गाड्या त्यात आहेत का, एवढं आमच्या आमदार-खासदारांनी विचारून सांगावं.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बहुतेक गावांत ती रक्कम वर्षाअखेरीला माणशी काही रुपये वाटून संपवतात. ती वाटण्याऐवजी दोन-तीन गावांनी मिळून एक गाडी घेतली, टेम्पोत चढवता येईल अशी, तर ती लग्नाला, बाजारला, उरुसाला, सहलीला आळीपाळीने नेता येईल. मशीद कमिटीने हेच जकातीव्यतिरिक्तच्या देणगीतून करावं. तंबू, डेग आणि खुर्च्या आपण अशाच सामायिक ठेवतो.

पार्कच्या त्या दिवसाबद्दलचा अर्ज आम्ही पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयासाठी लिहिला आहे. खालाने तो दोनदा वाचून घेतला. 'वृद्ध व असहाय महिला' असं मी लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं आणि तिथे 'तिकीट काढलेली महिला' असं लिहून घेतलं. मोहल्ल्यात आणखी कुणाला सही करायची असेल तर अर्ज तिच्या मशीनच्या खणात ठेवलेला आहे, ती दुपारी दोनपर्यंत दुकानात असते.